एका नगाचा लॉट

“प्रत्येक लॉटमधला एक नग तोडून बघायचा असतो,” तपासनीस म्हणाला. “नियम आहे.”

फिटरने टेबलावरच्या लॉटकडे पाहिलं. लॉटमध्ये एकच नग होता.

अंगठ्याएवढा, पांढऱ्या प्लास्टिकचा जोड. ऑक्सिजनच्या मशीनमधून निघालेली नळी यावर बसते. हा नसला की मशीन नुसतं घरघरतं आणि ऑक्सिजन पेशंटऐवजी खोलीला मिळतो. दवाखान्यातल्या मशीनचा जोड सकाळी तडकला होता आणि त्या मशीनवर फिटरची आत्या होती. सध्या तिला सिलिंडर लावलं होतं. ते पाचपर्यंत पुरेल, असं सिस्टर म्हणाली होती. आता साडेतीन झाले होते. शिक्क्याशिवाय इथे बनवलेली वस्तू पेशंटला लावायची नाही, हेही सिस्टरच म्हणाली होती.

“मग अजून एक बनवा,” तपासनीस म्हणाला.

“प्लास्टिक संपलं.”

“एवढ्याशा तुकड्यात?”

“बाईसाहेबांनी भोक सोडून सगळा भरीव केलाय,” कोपऱ्यात कुबड्या तासणारे सुतारकाका मान वर न करता म्हणाले. “भिंती आतून पोकळ ठेवायच्या असतात. थ्रीडी प्रिंटरला सांगता सांगता हिचा डोळा लागला. तीन जोडांचा माल एकट्याने गिळला त्याने.”

“काका, तुम्ही काल कुबडीची मूठ उलटी बसवली होती.”

“उलटी नव्हती. डावखुऱ्याची होती.”

भूकंपाला महिना झाला होता. शाळेच्या या प्रयोगशाळेत महिनाभर दोघं मिळेल ते बनवत होते. तंबूच्या खुंट्या, नळाच्या चकत्या, स्टोव्हच्या चाव्या. एका आजोबांच्या चष्म्याची काडी बनवली होती, ती आता आजोबांपेक्षा मजबूत होती. बाहेरून येणारा माल अजून वाटेतच होता. तो वाटेतच असतो.

“साहेब, एकच आहे हो,” फिटर म्हणाली. “तुटला तर माझ्या आत्याला काय लावू? मारा ना शिक्का.”

तपासनीसाने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि आणखी मळवला. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकलं होतं आणि त्यामुळे खालची सगळीच चुकली होती. “मागे एकदा न तोडता मारला होता,” तो म्हणाला. “त्या घरापुढून जायचं नको म्हणून मी अजून लांबच्या रस्त्याने जातो.”

फिटरने जोड उचलला आणि तारेचं बंडल ओढलं.

छताचा पंखा भूकंपात पडला होता, हूक शाबूत होता. जोडाचं एक टोक तारेने हुकाला बांधलं, दुसऱ्याला लोखंडी बादली. विटांची ददात नव्हती. शाळेची एक अख्खी भिंत अंगणात येऊन पडली होती.

पाच विटा. सात. नऊ. दहावी वीट ठेवली आणि बादलीची कडी निखळून सगळं खाली आलं. सुतारकाकांनी पाय वेळेवर उचलला. जोड वर हलत राहिला.

तपासनीसाने फॉर्मवर ‘बादली’ असं लिहिलं, मग खोडलं.

“किती वजन पेलायला हवं होतं?” फिटरने विचारलं.

“बारा किलो.”

“आणि पेललं किती?”

“तीसच्या आसपास.”

“मग झालं की!”

“झालं. पण तुटला नाही ना. इथे ‘तुटला तेव्हाचे वजन’ असा रकाना आहे. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.” त्याने बूट काढायला घेतले. “माझं बासष्ट आहे. महिन्यापूर्वी होतं.”

सुतारकाकांनी कुबडीचा एक दांडा पुढे केला. फिटरने तो तारेला आडवा बांधला.

तपासनीसाने दांडा धरला आणि गुडघे वर घेतले.

हूक करकरला. चुना त्याच्या केसांत पडला. तार ताठ झाली. सुतारकाकांचा रंधा थांबला. फिटर जोडाकडे पाहत होती, पापणीही न हलवता, जणू नजर हटली की तो तुटणार. जोडाने काहीच केलं नाही. तपासनीस लोंबकळत राहिला. त्याने डोळे मिटले.

“तुटतोय का?” सुतारकाकांनी विचारलं.

“नाही. पाठ मोकळी होतेय. दोन मिनिटं.”

कुणीच त्याला घाई केली नाही. दोन मिनिटं झाली.

“साहेब,” फिटर शेवटी म्हणाली, “उतरा आता. चार वाजून गेले.”

तो उतरला. फॉर्म मांडीवर घेऊन रिकाम्या रकान्याकडे बघत बसला. मग वरच्या कोपऱ्यात ‘तात्पुरती परवानगी, चोवीस तास’ असं लिहून त्याने शिक्का मारला. दवाखान्यापर्यंत तो आणि फिटर पळतच गेले.

सिलिंडर वेळेआधीच संपत आलं होतं. सिस्टरने कागद उलटसुलट बघितला आणि जोड बसवला. मशीनला लावलेल्या बाटलीत बुडबुडे सुरू झाले. फिटर आत्याच्या नखांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने नखांचा निळा रंग उतरायला लागला. तेव्हा ती भिंतीला टेकली.

आत्याने एक डोळा उघडला. भाचीच्या मागे एक माणूस उभा होता, केसांत चुना, पायांत नुसते मोजे.

“हे कोण?”

“तपासनीस आहेत. तुझ्या नळीचा जोड तोडायला आलेत. आज तुटला नाही.”

“उद्या परत यावं लागेल,” तपासनीस ओशाळून म्हणाला. “तुटेपर्यंत रोजच.”

आत्याने सावकाश दोन श्वास घेतले.

“या की,” ती म्हणाली. “पण चारनंतर या. दुपारची मी झोपते.”