उन्हातलं पाणी

उषाबाईंनी पत्र्यावरून बाटली खाली काढली. दिवसभराच्या उन्हानं ती मऊ पडली होती. झाकण उघडताच आतून उग्र वास आला. त्यांनी डोळे मिटले आणि ते गरम पाणी घोट घोट करत संपवलं.

आकांक्षा दारात उभी राहून बघत होती. महिना होत आला, आई रोज हेच करत होती. एकदा तिनं बाटली हिसकावून बाहेर फेकली होती. आईनं खाटेखालून दुसरी काढली, भरली आणि पत्र्यावर नेऊन ठेवली. तिथं अजून सात-आठ बाटल्या होत्या. लग्नकार्यातून आणलेल्या, धुऊन ठेवलेल्या.

उषाबाईंच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला जाऊन दीड महिना झाला होता. तो बदनापूरहून सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचा, सळईच्या कारखान्यात, वजनकाट्यावर. अकरा वर्षं उषाबाईंनी त्याच्या डब्यासोबत पाण्याची बाटली दिली. बाटली पिचकली, की दुसरी काढायची. मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. पोटाचा कॅन्सर निघाला आणि पाच महिन्यांत माणूस संपला.

तो दवाखान्यात असतानाच कुणीतरी उषाबाईंच्या मोबाइलवर एक मजकूर पाठवला होता. एकदा वापरायची बाटली पुन्हा पुन्हा भरली, तर प्लास्टिकचं विष पाण्यात उतरतं आणि कॅन्सर होतो, असं त्यात होतं. त्यांनी तो चार वेळा वाचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठून विचारलं. डॉक्टर घाईत होते, तरी थांबले. बाटलीनंच हा आजार झाला असं कुणी सांगू शकणार नाही, तसा पक्का पुरावा नाही, असं म्हणाले. मात्र बाटली नीट धुतली नाही तर जंतू होतात. जुनी झाली की टाकून द्यावी, उन्हात तापू देऊ नये. उषाबाईंच्या डोक्यात शेवटचं तेवढं राहिलं. कारखान्यात भट्टीची धग असते, हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. मग पहिली बाटली पत्र्यावर चढली. आकांक्षानं पाय धरून विचारलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "तुझ्या बापाला जे पाजलं, ते मलाबी लागू होऊ दे."

आकांक्षा बारावीला होती. तिनं पुस्तकं उघडून दाखवली, रसायनाच्या मॅडमशी फोनवर बोलणं करून दिलं. आई ऐकून घ्यायची आणि सकाळी बाटली भरायची. जेवण सुटत चाललं होतं. अंगणाबाहेर पाऊल पडत नव्हतं. शेवटी आकांक्षानं वडिलांच्या मोबाइलमधून नागसेनकाकांचा नंबर काढला. कारखान्यात वडिलांचं सगळ्यात जास्त त्यांच्याशीच पटायचं.

नागसेन रविवारी आला. भट्टीवर काम करणारा माणूस, हातांवर जागोजागी भाजल्याचे डाग. पोरीनं फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी त्यानं उषाबाईंच्या तोंडून पुन्हा ऐकून घेतलं. तोवर आकांक्षानं ठेवलेला चहा निवून गेला.

"वहिनी," तो म्हणाला, "ते पाणी मच्छिंद्रभाऊ पीतच नव्हते. मी पीत व्हतो."

उषाबाईंना आधी कळलंच नाही. नागसेन सांगत गेला. थंड पाण्याचं मशीन वजनकाट्याच्या खोलीशेजारीच होतं. मच्छिंद्र तिथलं पाणी प्यायचा. भट्टीवरच्या माणसाला मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागा सोडता यायची नाही. म्हणून मच्छिंद्र सकाळी गेटवरच बाटली त्याच्या हातात द्यायचा आणि संध्याकाळी रिकामी घेऊन जायचा. घरी सांगू नको म्हणायचा. बायको इतक्या पहाटे उठून भरते, तिला वाईट वाटेल.

उषाबाईंनी मान हलवली. आपल्या समाधानासाठी हा माणूस खोटं बोलतोय, असं त्या म्हणाल्या. पोरीनं शिकवलं असेल.

"एकदा उन्हाळ्यात तुम्ही लिंबूपाणी दिल्तं," नागसेन म्हणाला. "साखर टाकायची राहिल्ती. नुसतं मीठ व्हतं, तेबी दोनदा पडलेलं. मी तसंच पिलो."

उषाबाईंचा हात तोंडावर गेला. त्या दिवशी डबा गेल्यावर साखरेचा डबा तसाच बंद दिसला होता. दिवसभर त्यांचा जीव वरखाली होत होता. संध्याकाळी मच्छिंद्र आला आणि लिंबूपाणी छान झालं होतं म्हणाला. नवरा आपलं मन राखतोय, असं वाटून त्या मनातल्या मनात सुखावल्या होत्या. हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आकांक्षालाही नाही.

मग त्या रडल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, भिंतीला डोकं टेकून. आकांक्षानं त्यांना धरलं. नागसेन उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळानं रडं ओसरलं. उषाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. दाराबाहेरच्या त्या माणसाकडे त्या बघत राहिल्या. त्याची मान, त्याचे खांदे, सदऱ्याखालचं त्याचं पोट. अकरा वर्षं. त्या एकदम उठल्या. पायात चपला नव्हत्या, तशाच अंगण ओलांडून त्याच्यापाशी गेल्या.

"नागसेनभाऊ, तुमचं पोट दुखत न्हाई ना?"

तो न्हाई म्हणाला. बिलकुल न्हाई.

"तरी उद्या दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या. "मी येते संगं."