शेतावरचं घर, जसंच्या तसं

"मावशी, बाईंचा संडास कुठे होता हो?"

तोफेने प्रश्न डागला आणि बाबांनी कपाळाला हात लावला. आई घाईघाईने भिंतीवरचा फोटो निरखू लागली.

खरं तर प्रश्न मैत्रिणींचा होता. एवढ्या थोर लेखिकेचं शेतावरचं घर बघायला चाललीस ना, मग हे विचारूनच ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस, अशी पैज लागली होती. बाईंच्या त्या गाजलेल्या पुस्तकात माणसं हसतात, रडतात, मरतातसुद्धा. पण तिकडे म्हणून कोणी जात नाही! आणि वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवून घरात 'तोफ' हे नाव पडल्यापासून ती कोणाच्या बापाला भीत नव्हती. स्वतःच्या तर नाहीच.

घर दाखवणाऱ्या मावशी बाईंच्या सख्ख्या भाची. त्या हसल्या. "आधी घर तर बघ. मग सांगते."

तोफ सुसाट सुटली. पुस्तक तिला तोंडपाठ होतं. जिन्याची तिसरी पायरी करकरते? करकरली! खिडकीचं एक दार निळं, एक हिरवं? अगदी तसंच! कोठाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या रेघा? त्याही होत्या! चूल तर इतकी लख्ख की आई म्हणाली, "माझ्या ओट्याच्या नशिबी हे कधी येणार?"

"बघा बाबा, खिळासुद्धा हललेला नाही. याला म्हणतात घर जपणं!"

टोमणा कुठे लागायला हवा तिथे लागला. आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, गेल्यापासून त्यांचं शेतावरचं घर बंद होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं, सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. तोफेच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेलेल्या. शाळेच्या अंकासाठी त्या घरावर लिहायला ती दरवर्षी बसायची आणि दोन ओळींवर उठायची. पुढच्या सुट्टीत जायचंच आहे की, तेव्हा नीट बघून लिहू! आता पुढची सुट्टीच उरणार नव्हती. रडून झालं, अबोला धरून झाला (तो जेवणापर्यंतही टिकला नाही), म्हणून शेवटचा उपाय म्हणून तिने दोघांना इथे ओढून आणलं होतं.

उपाय लागू पडत होता. बाबा त्या दोनरंगी खिडकीशी बराच वेळ उभे राहिले.

"अण्णांच्या खोलीत दुपारी असाच वारा यायचा," ते म्हणाले. मग आईकडे न बघता, "सोमवारचं... नको म्हणून कळवू या का?"

"मला काय विचारता? तुमच्या तोफेने किल्ला सर केला म्हणायचं," आई म्हणाली. तिचेही डोळे ओले होते.

दोघं ओसरीवर गेले. तोफेने तिथल्या तिथे एक गिरकी घेतली आणि मावशींना गाठलं.

"आता सांगा. माझी पैज आहे."

"नाहीये गं संडास."

"म्हणजे तेव्हा लोक रानात...?"

"छे! असणारच कुठेतरी. पण पुस्तकात कुठे आहे?"

"पुस्तकाचा काय संबंध?"

मावशींनी चौकटीवरची धूळ पदराने पुसली. "माझ्या मावशीच्या, म्हणजे बाईंच्या, लहानपणीच घर विकलं गेलं. घेणाऱ्याने पाडून टाकलं. तिने शहरात भाड्याच्या खोलीत बसून एकेक पायरी आठवून लिहिली. ती गेल्यावर लोक पुस्तक घेऊन घर शोधत यायला लागले. मग आम्ही जागा परत मिळवली आणि गवंड्याला पुस्तक वाचून दाखवत हे घर बांधलं. तिने लिहिलं नव्हतं, ते आम्हाला बांधता आलं नाही."

तोफेने चौकटीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग ती ओसरीवर आली.

"लावतो बघ फोन," बाबा हसत म्हणाले. "नाही विकायचं. अण्णांचं घर आहे तसंच राहू दे."

"विका, बाबा," तोफ म्हणाली. "पण सोमवारपर्यंत किल्ली माझ्याकडे द्या. सगळं लिहून काढायचंय, संडाससकट."