ओला दोरा

रविवारच्या वेशभूषा मेळाव्यासाठी नर्सबाई स्वतःसाठी राणीचा झगा हाताने शिवत होत्या. ड्युटी, स्वयंपाक, लेकीचा अभ्यास यातून जेमतेम दहा मिनिटं हाती लागायची. तरी रोज कामावरून यावं, तर झगा वीतभर पुढे शिवलेला.

“तू हात लावलास?” त्यांनी लेकीला विचारलं.

“आई, मला साधी सुई ओवता येते का?”

शनिवारी भर दुपारी त्या घरात एकट्याच होत्या. दुसरी बाहीही जोडून तयार होती. दोरा त्यांच्यासारखाच दातांनी तोडलेला. टोक अजून ओलं.

घाबरायलाही वेळ नव्हता. माप बघायला त्यांनी झगा अंगात घातला. पाठीची शिवण तेवढी उरली होती.

कमरेपाशी सुई टोचली. मग जरा वर. टाके चढत चढत मानेशी आले. तिथे ओले ओठ टेकले, आणि दोरा तटकन तुटला.