नमस्कार-बिमस्कार नाही

“पाणी घालीन, पण नमस्कार-बिमस्कार करणार नाही,” प्रचितीने बजावलं. तिची रूममेट केतकी बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस गावी निघाली होती आणि हॉस्टेलच्या खिडकीत, रंगाच्या जुन्या डब्यात लावलेली तुळस तिच्या भरवशावर सोडून चालली होती.

“नको करूस गं. वाळू देऊ नकोस म्हणजे झालं.”

प्रचितीच ती! विद्यापीठाच्या पाहणीत ‘तुमची आध्यात्मिक गरज कोणती?’ या प्रश्नापुढे ‘वाय-फाय’ असं लिहून तिने अख्ख्या वर्गाला हसवलं होतं. तिने मोबाइलमध्ये पाण्याचा गजर लावला. झाड म्हणजे झाड, त्यात काय एवढं?

चौथ्या दिवशी नोकरीसाठी निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. घरी सांगायचा धीर होईना. मैत्रिणींना सांगावं तर त्या लगेच सल्ले द्यायला बसणार. पाण्याची बाटली घेऊन ती खिडकीशी गेली आणि कशी कोण जाणे, तुळशीलाच सगळं सांगून मोकळी झाली. तुळशीने एकही सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रचिती आंघोळ करूनच पाणी घालू लागली. सहजच हं, असं तिने स्वतःला समजावलं.

पंधरा दिवसांनी केतकी परतली. तुळशीला आलेल्या मंजिऱ्या दारातूनच दिसल्या, तशी बॅग टाकून ती खिडकीकडे धावली. मागून प्रचिती कडाडली,

“अगं, चपला काढ आधी!”