सराईचं पुढचं नाव

थर्झा गेजनं इंग्लंडातल्या सफक परगण्यातली ती जुनी सराई विकत घेतली, तेव्हा दारावरच्या पाटीवर ‘लंगडा शिपाई’ असं होतं. तिला तिथं ‘पांढरा हंस’ हवा होता. रंगाऱ्यानं पाटी खरवडली, तर खाली ‘बुडालेली नवरी’ निघाली आणि तिच्याखाली ‘मुका भटारी’.

“कोण ही माणसं?” तिनं विचारलं.

“तुमच्या आधीचे मालक,” बिअरचा घोट घेत म्हातारा एमस म्हणाला. “शिपाई आला तेव्हा दोन्ही पायांवर झकास नाचायचा. नाव आम्ही गिऱ्हाइकं आधीच ठरवतो, मालकीणबाई. पाटी मागाहून रंगते.”

थर्झा हसली. “मग माझं काय ठरवलंत?”

“कळेल की. घाई कसली?”

बाहेर भर दुपारचं लख्ख ऊन होतं. भरलेले पेले घेऊन ती निघाली, तशी बाकावरची माणसं पाय आवरून बसली.

“मी टोबायस, बाई,” एकजण मोठ्यानं म्हणाला. “तुमच्या डाव्या हाताला बसलोय.”

एमसनं वाटेतलं स्टूल हळूच बाजूला सारलं आणि तिचा कोपर धरला.

“बेतानं,” तो मायेनं म्हणाला, “पुढं पायरी आहे.”

पायरी तिला अजून स्वच्छ दिसत होती.