निळ्या आरशातला उमेदवार

हेमलताबाई रविवारी घर बघायला, म्हणजे खरं तर मला बघायला, येणार होत्या. बायको गेल्यापासून हॉलची भिंत उघडीच होती. ती जरा सजवावी म्हणून मी जुन्या बाजारात आरसा घ्यायला गेलो.

दुकानात रंगीत काचांचे तीन जुने आरसे होते. गुलाबीत मी साठीतला नवरदेव दिसलो, पिवळ्यात काविळीचा पेशंट. निळ्यात मात्र चक्क विचारवंत वाटलो, म्हणून तोच घेतला.

रविवारी सकाळी त्याच आरशासमोर केसांना मेंदी लावली. धुतल्यावर केस काळेभोर दिसले. स्वतःवर भलताच खूश होऊन मी दार उघडलं.

हेमलताबाई उंबऱ्यातच थबकल्या. "अहो, हे केस?"

"नैसर्गिकच आहेत," मी ठोकून दिलं. "आमच्या घराण्यात कुणाचे लवकर पिकत नाहीत."

त्यांनी पर्समधला साध्या काचेचा छोटा आरसा काढून माझ्यासमोर धरला. माझ्या डोक्यावर कुणीतरी गाजराचा कीस पसरला होता.

माझे कान तापले. आता या आल्या पावली परत जाणार, असंच वाटलं. पण त्या आत येऊन सोफ्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"आमचे हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते हो," त्या म्हणाल्या.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"टाका. आणि बिस्किटं मऊ असतील तरच आणा," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "माझी वरची सगळी कवळी आहे."