यंत्राचा नकार

कामावर आल्या आल्या मंदाकिनी सावे यंत्रात आधी एक नाव टाकायच्या. ते चालणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं.

नियम साधा होता. माणूस ओळखून उघडणाऱ्या दारांच्या चाचणीसाठी बनवायचे खोटे ओळखदाखले हयात माणसाच्या नावाने बनत नसत. खरा दाखला ज्याच्या त्याच्या मनगटात असे, आणि नाडी चालू असेपर्यंत तो आपोआप नवा होत राही.

मंदाकिनी टाकायच्या ते नाव त्यांच्या मुलाचं, ओजसचं. तो भांडून घर सोडून गेला होता. कुठे आहे हे यंत्र सांगत नसे. फक्त म्हणे, "नामंजूर. ही व्यक्ती हयात आहे." मग मंदाकिनी निवांत चहा घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. शेजारच्या टेबलावरची फरझाना हे रोज बघायची.

आज यंत्राने मुकाट्याने दाखला बनवला.

"मॅडम, परत टाकून बघा ना," फरझाना म्हणाली. "कधी कधी अडकतं ते."

मंदाकिनींनी परत टाकलं. नाव, जन्मतारीख, जन्मक्रमांक. दुसराही दाखला बनला आणि नेहमीसारखा खोलीतल्या चाचणीच्या दाराकडे गेला.

"या, ओजस सावे," दार म्हणालं आणि उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं. फरझाना डोळे पुसत दार लावायला उठली.

"राहू दे गं," मंदाकिनी म्हणाल्या. "बूट काढायला त्याला वेळ लागतो."